बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये बासरी कुणी वाजवली? एका गाण्यातली वाद्यं आणि स्टुडिओतल्या युक्त्या कशा ओळखायच्या?

गाणं सुरू होतं तेव्हा आधी ऐकू येते बासरी. थोडी थरथरणारी, थोडी जुनाट, जणू शेजारच्या खोलीतून येणारी. मग जॉन लेननचा आवाज येतो. एक मिनिट झालं की अचानक चेलो आणि ट्रम्पेट घुसतात, आणि थोड्याच वेळात एक तंतुवाद्य वरून खाली झरझर घसरत येतं.

हे गाणं म्हणजे बीटल्सचं 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'. १९६७ सालचं. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर त्याबद्दलचे व्हिडिओ कायम फिरत असतात. कुणी म्हणतं ती बासरी खरी आहे, कुणी म्हणतं ते घसरणारं वाद्य सतार आहे, तर कुणी शेवटी एका माणसाच्या मृत्यूची कबुली ऐकू येते असं सांगतं.

यातलं खरं किती? बासरी खरंच होती का? ते तंतुवाद्य कोणतं? आणि साठ वर्षांपूर्वीच्या रेकॉर्डिंगमध्ये काय वाजलं, हे आज खात्रीने सांगता येतं का? समजून घेऊया.

गाणं कुठून आलं?

२९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी शेवटचा दौऱ्यातला कार्यक्रम केला. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांमध्ये स्वतःचं गाणं त्यांना स्वतःलाच ऐकू येत नसे. दौरे बंद करायचे आणि फक्त स्टुडिओत काम करायचं, असं चौघांनी ठरवलं.

त्यानंतर जॉन लेनन एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी स्पेनला गेला. तिथे त्याने हे गाणं लिहायला घेतलं. 'स्ट्रॉबेरी फील्ड' हे लिव्हरपूलच्या वुल्टन भागातल्या एका अनाथाश्रमाचं नाव. साल्व्हेशन आर्मी ही संस्था तो चालवत असे. लेनन लहानपणी मावशीकडे जवळच राहायचा आणि त्या आवारात खेळायला जायचा.

२४ नोव्हेंबर १९६६ रोजी लंडनच्या ॲबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत रेकॉर्डिंग सुरू झालं. गाणं पूर्ण झालं २२ डिसेंबरला. म्हणजे एका गाण्यावर जवळपास महिना. हे किती वेगळं होतं, ते एका तुलनेतून कळतं. फेब्रुवारी १९६३ मध्ये याच मंडळींनी आपल्या पहिल्या अल्बमची १० गाणी एकाच दिवसात रेकॉर्ड केली होती.

पूर्वी स्टुडिओत जायचं ते तयार गाणं टेपवर उतरवायला. आता गाणं स्टुडिओतच घडत होतं. म्हणूनच त्यात काय काय दडलंय हे ओळखणं अवघड होऊन बसलं.

मग ती बासरी कुणाची?

सुरुवातीचा तो आवाज आहे मेलोट्रॉन नावाच्या वाद्याचा. वाजवणारा पॉल मॅकार्टनी.

मेलोट्रॉन दिसायला पियानोसारखं, पट्ट्यांचं वाद्य. इंग्लंडच्या बर्मिंगहॅममध्ये ते बनत असे. पण आत ना तारा असतात, ना हार्मोनियमसारखे सूर आणि भाता. प्रत्येक पट्टीखाली चुंबकीय टेपची एक लांब पट्टी असते. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि तिच्यावर आधीच रेकॉर्ड केलेला सूर वाजतो. पट्टी सोडली की टेप स्प्रिंगच्या जोरावर पुन्हा मूळ जागी येते. टेपची लांबी मर्यादित, त्यामुळे एक सूर जास्तीत जास्त आठ सेकंद वाजतो. नंतर शांतता.

म्हणजे 'सा' हवा असेल तर कुणीतरी खऱ्या बासरीवर वाजवलेला 'सा' त्या टेपवर असतो. 'रे'ची वेगळी टेप, 'ग'ची वेगळी. आज मोबाइलवरच्या ॲपमध्ये किंवा कीबोर्डमध्ये 'फ्लूट' हा आवाज निवडून वाजवला जातो, त्याचा हा आजोबाच म्हणायचा. आजच्या भाषेत याला सॅम्पलिंग म्हणतात.

हे कानाने ओळखायचं कसं? तीन खुणा आहेत.

पहिली, श्वास. खरा बासरीवादक ओळ संपली की श्वास घेतो आणि तो किंचित ऐकू येतो. मेलोट्रॉनमध्ये तो नसतो. दुसरी, सुरांमधली जोड. आपल्याकडच्या बासरीत एका सुरावरून दुसऱ्यावर मींड घेत जाता येतं. इथे प्रत्येक सूर वेगळ्या टेपवर असल्यामुळे तो नव्याने सुरू होतो. तिसरी, कंप. टेप कधीच शंभर टक्के एकसारख्या वेगाने फिरत नाही. त्यामुळे सूर बारीक हलतो. गाण्याच्या सुरुवातीला जी थरथर जाणवते, त्यात या यंत्राचाही वाटा आहे.

तर 'बासरी खरी की खोटी?' या वादाचं उत्तर थोडं गमतीशीर आहे. आवाज खऱ्या बासरीचाच आहे, पण तो वादक त्या दिवशी ॲबी रोडला आलाच नव्हता. त्याने आपले सूर मेलोट्रॉनसाठी आधीच कधीतरी वाजवून ठेवले होते. ब्रिटनमधल्या वादकांच्या संघटनेला या यंत्राची धास्ती वाटायची ती याचमुळे. एकदा सूर टेपवर गेले, की वादकाला पुन्हा बोलावायची गरज काय?

ते घसरणारं तंतुवाद्य सतार आहे का?

नाही. ते आहे स्वरमंडल.

साधारण सव्वा मिनिटानंतर, पुढचं कडवं सुरू होण्याच्या आधी, वरच्या सुरांकडून खालच्या सुरांकडे एक झंकार घसरत येतो. तो जॉर्ज हॅरिसनने वाजवलेला आहे. पाश्चात्त्य श्रोत्याला तो हार्प वाटू शकतो आणि बीटल्स म्हटलं की भारतीय श्रोत्याच्या डोक्यात आधी सतार येते. पण शास्त्रीय गायनाच्या मैफली पाहिलेल्या मराठी माणसाला हे वाद्य नवीन नाही. किशोरीताई आमोणकर किंवा पंडित जसराज गाताना मांडीवर घेऊन जे छेडायचे, तेच हे.

सतारीत एकाच तारेवर, पडद्यांवर बोट ठेवून किंवा तार ओढून वेगवेगळे सूर काढले जातात. स्वरमंडलाला पडदे नसतात. प्रत्येक सुराला स्वतंत्र तार असते आणि ती रागानुसार आधीच लावून ठेवलेली असते. बोट किंवा नखी फिरवली की सगळे सूर ओळीने झंकारतात आणि एकमेकांत मिसळत विरतात. गाण्यातला झंकार नेमका असाच आहे. तार ओढल्यासारखी मींड त्यात नाही. त्यामुळे सतारीची शक्यता कानानेच बाद होते.

हे वाद्य लंडनच्या पॉप गाण्यात आलं ते हॅरिसनला भारतीय संगीताची ओढ लागल्यामुळे. सप्टेंबर १९६६ मध्ये तो पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकायला मुंबईत आला होता आणि ताजमहाल हॉटेलमध्ये उतरला होता. स्वरमंडलाचं रेकॉर्डिंग झालं ९ डिसेंबर १९६६ रोजी. म्हणजे मुंबईत आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत. पुढे जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन पुन्हा मुंबईत आला आणि इथल्या एचएमव्ही स्टुडिओत त्याने भारतीय वादकांसोबत रेकॉर्डिंगही केलं.

झांज उलटी वाजते म्हणजे काय?

गाण्याच्या दुसऱ्या भागात कडवं सुरू असताना मागे 'शूऽऽप', 'शूऽऽप' असा आवाज येत राहतो. कुणीतरी हवा आत ओढून एकदम थांबवावी तसा. ही रिंगो स्टारच्या ड्रमसेटमधली झांज आहे, उलटी वाजवलेली.

झांजेवर आघात केला की आवाज आधी एकदम मोठा होतो आणि मग हळूहळू विरतो. टेपवर तो रेकॉर्ड करून टेप उलट्या दिशेने फिरवली, तर क्रम उलटा होतो. आवाज शून्यातून हळूहळू फुगतो आणि जिथे मूळ आघात होता तिथे झटक्यात तुटतो. जगातला कुठलाही वादक हातांनी हे वाजवू शकत नाही. त्यामुळे 'हळू सुरुवात, अचानक शेवट' असा आवाज ऐकला की उलट्या टेपचा संशय घ्यायला हरकत नाही.

आज फोनवर 'रिव्हर्स'चं बटण दाबलं की काम झालं. तेव्हा अडचण वेगळीच होती. उलटी झांज गाण्याच्या तालात नेमक्या जागी पडायला हवी. त्यासाठी मूळ टेप उलटी लावायची, उलटं वाजणारं गाणं ऐकत झांज वाजवायची आणि मग टेप पुन्हा सरळ करायची. सरळ गाण्यात झांज कुठे येईल याचा हिशेब आधी मांडावा लागे. चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून.

चार ट्रॅकमध्ये हे सगळं मावलं कसं?

आज लॅपटॉपवर शेकडो ट्रॅक घेता येतात. १९६६ मध्ये ॲबी रोडवर होते फक्त चार. एका टेपवर शेजारी शेजारी चार पट्टे, प्रत्येकावर एक आवाज किंवा एकत्र वाजलेली काही वाद्यं. पण या गाण्यात मेलोट्रॉन, गिटार, बास, ड्रम, पियानो, तालवाद्यं, चेलो, ट्रम्पेट, स्वरमंडल आणि गायन, सगळंच आहे.

यावरचा उपाय होता 'रिडक्शन'. चारही ट्रॅक भरले की ते दुसऱ्या मशीनवर एक-दोन ट्रॅकमध्ये एकत्र उतरवायचे. तिथे उरलेले ट्रॅक मोकळे मिळतात. त्यावर नवीन वाद्यं घ्यायची. ट्रॅक भरले की पुन्हा तेच.

त्याची किंमत मात्र मोजावी लागायची. प्रत्येक प्रतीत टेपची सरसर थोडी वाढते. शिवाय एकदा गिटार आणि ड्रम एका ट्रॅकवर मिसळले, की नंतर 'गिटार जरा कमी कर' असं म्हणता येत नाही. पोळीचं पीठ मळल्यावर त्यातलं मीठ वेगळं काढण्यासारखं ते आहे. त्यामुळे कोणता आवाज किती ठेवायचा हे तिथल्या तिथे ठरवावं लागे.

एक मिनिटावर नेमकं काय घडतं?

या गाण्यातली सगळ्यात प्रसिद्ध युक्ती हीच. तुम्ही ऐकता ते गाणं एक नाही. ती दोन वेगवेगळी रेकॉर्डिंग्ज जोडलेली आहेत.

नोव्हेंबरच्या शेवटी एक शांत आवृत्ती तयार झाली होती. मेलोट्रॉन, गिटार आणि लेननचा आवाज. हिला 'टेक ७' म्हणतात. पण लेननचं समाधान झालं नाही. त्याला अजून जोरकस काहीतरी हवं होतं. मग ८ डिसेंबरपासून दुसरी आवृत्ती सुरू झाली. ड्रम आणि तालवाद्यांचा गडगडाट, ज्यात बीटल्सच्या सहायकांनीही हात मारला. १५ डिसेंबरला निर्माता जॉर्ज मार्टिनने लिहिलेले चार ट्रम्पेट आणि तीन चेलोंचे तुकडे तिच्यात आले. ही झाली 'टेक २६'.

दोन्ही ऐकल्यावर लेननने मार्टिनला सांगितलं, की पहिलीची सुरुवात आवडते आणि दुसरीचा शेवट आवडतो. दोन्ही जोडून टाका.

मार्टिनने दोन अडचणी सांगितल्या. दोन्हींची पट्टी वेगळी होती आणि लयही वेगळी. आपल्या भाषेत सांगायचं तर एक गायक पांढरी सहामध्ये विलंबित गातोय आणि दुसरा वरच्या पट्टीत चढ्या लयीत. दोघांच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडले तर कानाला धक्का बसणारच.

इथे टेपचा एक गुणधर्म कामी आला. टेप संथ फिरवली की दोन गोष्टी एकदम होतात. लय कमी होते आणि सूरही खाली येतो. वेग निम्मा केला तर सूर बरोबर एक सप्तक खाली जातो. वेग साधारण सहा टक्क्यांनी कमी केला तर हार्मोनियमवरच्या लगतच्या एका पट्टीइतका खाली येतो. व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट दीडपट वेगाने ऐकली तरी माणसाचा आवाज बारीक होत नाही, कारण तिथे सॉफ्टवेअर सूर जागेवर धरून ठेवतं. टेपला ते जमत नाही. वेग आणि सूर दोन्ही एकमेकांना बांधलेले.

नशीब असं, की जी आवृत्ती वेगवान होती तीच वरच्या पट्टीत होती. त्यामुळे ती संथ केली की लय आणि सूर, दोन्ही पहिल्या आवृत्तीच्या जवळ आले. उलट असतं, म्हणजे वेगवान आवृत्ती खालच्या पट्टीत असती, तर एक गोष्ट जुळवताना दुसरी बिघडली असती आणि हे गाणं या रूपात आलंच नसतं.

२२ डिसेंबर १९६६ रोजी मार्टिन आणि नुकताच २१ वर्षांचा झालेला ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी वेग जुळवला, टेप कापली आणि चिकटवली. सांधा येतो गाण्याच्या बरोबर एक मिनिटाच्या आसपास, ध्रुवपद दुसऱ्यांदा येतं तेव्हा.

मग तो सांधा ऐकू का येत नाही?

येतो, पण कुठे बघायचं हे माहीत असेल तर. एक मिनिटाच्या आधी चेलो नाहीत. एक मिनिटानंतर ते लगेच सुरू होतात. ड्रमचा पोत बदलतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लेननचा आवाज बदलतो. दुसऱ्या भागात तो जास्त जाड आणि झोपाळलेला वाटतो. कारण तो भाग संथ केलाय. त्याच्या आवाजासोबत ट्रम्पेट, चेलो आणि झांजाही थोड्या जड झाल्या आहेत.

म्हणूनच या गाण्यासोबत गिटार वाजवायला बसलेल्यांची पंचाईत होते. वेग बदलल्यामुळे गाणं नेहमीच्या लावलेल्या वाद्याच्या कुठल्याही पट्टीत नीट बसत नाही. दोन पट्ट्यांच्या मधेच कुठेतरी लटकतं. एखादं जुनं रेकॉर्डिंग तुमच्या गिटारला किंवा कीबोर्डला बेसूर वाटलं, तर टेपचा वेग बदललेला असण्याची शक्यता तपासून पाहावी.

पहिल्या भागात लेननचा आवाज दुहेरी वाटतो, त्याचंही कारण आहे. एकच ओळ दोनदा गाऊन ती एकावर एक ठेवली की आवाज भरदार होतो. लेननला मात्र दोनदा गायचा कंटाळा. त्यामुळे १९६६ मध्येच ॲबी रोडचे तंत्रज्ञ केन टाऊनसेंड यांनी एक पद्धत शोधली. गायलेली ओळ दुसऱ्या टेप मशीनमधून काही हजारांश सेकंदांच्या फरकाने पुन्हा वाजवायची आणि मूळ आवाजात मिसळायची. कानाला वाटतं की दोन माणसं गातायत. तिचं नाव 'आर्टिफिशियल डबल ट्रॅकिंग', म्हणजे कृत्रिम दुहेरी आवाज.

शेवटी मृत्यूची कबुली आहे का?

गाणं संपत आलं की आवाज विरतो, पूर्ण थांबतो आणि पुन्हा वर येतो. या दुसऱ्या शेवटात लेनन काहीतरी पुटपुटतो.

१९६९ च्या शेवटी अमेरिकेत अफवा पसरली होती की पॉल मॅकार्टनी कधीच मरण पावलाय आणि त्याच्या जागी तोतया आहे. त्याचा पुरावा म्हणून या पुटपुटण्याकडे बोट दाखवलं गेलं. लेनन 'मी पॉलला पुरलं' असं इंग्रजीत म्हणतोय, असा दावा होता.

लेननने नंतर सांगितलं की तो 'क्रॅनबेरी सॉस' म्हणाला होता. १९९६ साली 'अँथॉलॉजी २' या संग्रहात या शेवटाची स्वच्छ आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 'क्रॅनबेरी सॉस' हे शब्द स्पष्ट ऐकू येतात. आणि मॅकार्टनी आजही गातोय.

मग हजारो लोकांना ते दुसरं वाक्य ऐकू कसं आलं? कारण कान एकटा ऐकत नाही, मेंदूही सोबत ऐकतो. आवाज अस्पष्ट असेल आणि कुणी आधीच 'हे ऐकू येईल' असं सांगितलं, तर मेंदू ते शब्द तिथे बसवून टाकतो. रीलमध्ये स्क्रीनवर कॅप्शन झळकतं आणि लगेच तेच ऐकू येतं, त्यामागेही हेच आहे. तपासायची सोपी पद्धत म्हणजे स्क्रीन झाकून तो तुकडा एखाद्या अनभिज्ञ मित्राला ऐकवायचा आणि त्याला काय ऐकू येतं ते विचारायचं.

हे सगळं खात्रीने कशावरून सांगतात?

कान हे पहिलं साधन, शेवटचं नाही. ईएमआय ही शिस्तीची कंपनी होती. कोणत्या दिवशी, कोणत्या स्टुडिओत, कितवा टेक झाला, याच्या नोंदी टेपच्या खोक्यांवर आणि कागदांवर ठेवल्या जात. १९८० च्या दशकात इतिहासकार मार्क लुईसन यांना या टेप ऐकायची आणि नोंदी पाहायची परवानगी मिळाली. त्यातून १९८८ मध्ये बीटल्सच्या प्रत्येक रेकॉर्डिंगचा दिवसवार हिशेब मांडणारं पुस्तक आलं.

पुढे टेकही बाहेर आले. २०१७ मध्ये 'सार्जंट पेपर' या अल्बमच्या पन्नाशीनिमित्त निघालेल्या आवृत्तीत 'टेक ७' आणि 'टेक २६' स्वतंत्रपणे ऐकायला मिळतात. दोन्ही ऐकल्या की दोन गाणी जोडल्याची गोष्ट दंतकथा नाही, हे कुणालाही कळतं.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनंही आहेत, जी मिसळलेल्या आवाजातून वाद्यं वेगळी काढतात. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमची २०२२ ची नवी आवृत्ती आणि २०२३ मध्ये आलेलं 'नाऊ अँड देन' हे गाणं, दोन्हीकडे असं तंत्र वापरलं गेलं. पण फोनवरचं फुकट ॲप वापरून 'ही बघा वेगळी काढलेली सतार' असा दावा कुणी केला, तर सावध राहा. ॲप आवाज ढोबळ गटांत वाटतं. त्या गटावर कुठल्या वाद्याचं नाव लिहायचं, हे शेवटी माणूसच ठरवतो.

आणि नावं कुणाची?

वाद्य ओळखणं हा नुसता छंद नाही. त्यामागे एक साधा प्रश्न आहे. वाजवलं कुणी?

या गाण्यातले चार ट्रम्पेटवादक होते टोनी फिशर, ग्रेग बोवेन, डेरेक वॉटकिन्स आणि स्टॅन्ली रॉडरिक. चेलोवादक होते जॉन हॉल, डेरेक सिम्पसन आणि नॉर्मन जोन्स. रेकॉर्डवर यांची नावं नव्हती. ठरलेलं मानधन घेतलं आणि घरी गेले. आज ती आपल्याला कळतात ती फक्त स्टुडिओच्या नोंदींमुळे. मेलोट्रॉनसाठी बासरी वाजवणारा वादक तर त्याहूनही मागे. त्याचा सूर जगभर पोहोचला, पण बीटल्सच्या कुठल्याही रेकॉर्डवर त्याचं नाव नाही.

त्याच वर्षी याच बीटल्सनी वेगळंही केलं होतं. १९६६ च्या 'रिव्हॉल्व्हर' अल्बमवर तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचं नाव कव्हरवर छापलं गेलं. बाहेरून आलेल्या वादकाला तेव्हा असा मान क्वचितच मिळायचा.

मुंबईच्या चित्रपटसंगीतातही चित्र फार निराळं नव्हतं. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि संगीत संयोजन करणारे कितीतरी गोव्याचे कलाकार पडद्यामागेच राहिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यातलं एक मोठं नाव. संगीतकार प्यारेलाल यांनी त्यांच्याकडे व्हायोलिनचे धडे घेतले होते आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात गुरूचं नाव गाजवून त्यांनी ते ऋण फेडलं. पण असा शिष्य प्रत्येकाला कुठे मिळतो?

त्यामुळे एखाद्या रीलखाली 'जॉर्जची सतार' असं कुणी लिहितं, तेव्हा चूक एका शब्दापुरती राहत नाही. ते कॅप्शन हजारो लोक शेअर करतात आणि काही दिवसांनी तेच सत्य म्हणून फिरायला लागतं.

ऐकताना काय शोधाल?

हेडफोन लावा, घड्याळाकडे लक्ष ठेवा आणि हे तपासा.

- ०:०० : मेलोट्रॉनची बासरी. श्वास ऐकू येतो का? सूर किंचित हलतो का?
- ०:१० नंतर : लेननचा आवाज. एक माणूस की दोन?
- १:०० च्या आसपास : सांधा. चेलो कधी सुरू झाले? आवाज जाड झाला का?
- १:१५ नंतर : स्वरमंडलाचा घसरता झंकार.
- पुढची कडवी : मागे 'शूऽऽप' करणारी उलटी झांज.
- शेवटी : गाणं विरतं आणि परत येतं. पुटपुटणं ऐका, पण आधी कुणाचं कॅप्शन वाचू नका.

हे गाणं १७ फेब्रुवारी १९६७ रोजी ब्रिटनमध्ये 'पेनी लेन'सोबत एकाच रेकॉर्डवर आलं आणि तिथल्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पहिला क्रमांक सोडायला तयार नव्हता तो एंगलबर्ट हम्परडिंक हा गायक. त्याचा जन्म १९३६ चा. कुठला? मद्रासचा.